कंपनी सरकार आणि आपले नागपूर



मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेत यंदा “काही इतिहासाचे लिहा” असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड संसाराच्या रामरगाड्यातही सुटली नाही, आणि महालात वावरणाऱ्या बाईला इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. भाजीची पिशवी घेऊन निघाले की भोसल्यांचा नगारखाना दिसतोच. तेव्हा पंडित बायांनी चुका पोटात घालाव्या आणि मला जे समजले ते ऐकावे.

हल्ली चार बाया जमल्या की बोलणे मोठमोठ्या परदेशी कंपन्यांवर येते. साबण त्यांचा, फोन त्यांचा, शेतात पेरायचे बियाणे त्यांचे. भाव ते ठरवतात, आपण मोजतो. या कंपन्यांचे मालक कोण, राहतात कोठे, हे कोणाला ठाऊक नसते. “आता असले दिवस आले बाई!” असे म्हणून सुस्कारा टाकला जातो. पण नागपूरकरांना हे दिवस नवे नाहीत. आपल्या या शहरावर एका व्यापारी कंपनीने उघड उघड राज्य केलेले आहे, आणि त्याआधी पन्नास वर्षे पडद्याआडून केलेले आहे. आपले आजे-पणजे “कंपनी सरकार” म्हणत ते उगीच नव्हे.

ही ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे इंग्लंडचे सरकार, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नव्हते. ती एक दुकानदारीच होती. सन १६०० च्या ३१ डिसेंबरला इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद दिली. आपण भिशीला पैसे घालतो तसे पुष्कळांनी पैसे घातले, त्या पैशाचे भाग पाडले आणि नफा भागाप्रमाणे वाटून घ्यायचा ठरला. पुढे प्लासीच्या लढाईनंतर, १७६५ साली, बंगालची दिवाणी म्हणजे सारावसुली या दुकानदारांच्या हाती आली. दुकानाच्या गल्ल्यात साऱ्याचा पैसा येऊ लागल्यावर व्यापाराची दगदग कोण करील? पाचच वर्षांनी बंगालात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, पण वसुली थांबली नाही.

आता आपल्याकडे वळू. १८०३ साली दुसऱ्या रघूजीराजांचा कंपनीशी अडगावला पराभव झाला, गाविलगड पडला, आणि डिसेंबरात देवगावचा तह झाला. तहात ओरिसातले कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख गेला, आणि कंपनीचा रेसिडेंट नागपुरात येऊन बसला. मला या तहातले सगळ्यांत मोठे कलम हेच वाटते. मुलूख गेला तर तो कधी परतही घेता येतो. पण घरात पाहुणा म्हणून येऊन जो हिशेबाची वही मागतो, तो काही लौकर उठत नाही.

झालेही तसेच. १८१६ साली रघूजीराजे वारले. गादीसाठी घरात कुरबुर होती. अप्पासाहेबांनी आपली बाजू पक्की करण्यासाठी त्याच वर्षी कंपनीची तैनाती फौज पत्करली. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र नागपूरचा. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांचे डोळे उघडले आणि १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आपण बर्डीवर कापड घ्यायला जातो, तिथेच ही माणसे कापली गेली. अरब शिपाई शर्थीने लढले, पण डाव हरला. अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले आणि परागंदा झाले. नर्मदेकडचा मुलूखही गेला. गादीवर लहानगा तिसरा रघूजी बसला आणि दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई त्याच्या पालक झाल्या. कारभार मात्र रेसिडेंट जेन्किन्स पाहू लागला. त्याने १८२७ साली नागपूरच्या मुलुखावर भलामोठा अहवाल लिहिला. पिके कोणती, सारा किती, कोणत्या जाती, कोणते धंदे, सगळे त्यात आहे. आपल्याला आपल्या घरच्या डब्यातल्या डाळीचा अंदाज नसेल इतका त्यांना आपल्या मुलुखाचा होता. उलट कंपनीच्या लंडनमधल्या वहीत काय लिहिले आहे, हे नागपुरात एकाही माणसाला ठाऊक नव्हते.

१८५३ च्या ११ डिसेंबरला तिसरे रघूजीराजे वारले. पोटी मुलगा नव्हता. आपल्या धर्मात दत्तकाची रीत आहे आणि राजघराण्यातला यशवंतराव नावाचा मुलगा समोर होता. अंत्यक्रिया त्यानेच केली, राण्यांनी त्याला दत्तक घेतले, जानोजी असे नावही ठेवले. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ च्या जानेवारीत निकाल लिहिला की राजाला वारस नाही, सबब राज्य खालसा. १३ मार्च १८५४ रोजी नागपूरचे राज्य कंपनीच्या मालमत्तेत जमा झाले. सगळेच इंग्रज या मताचे होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कलकत्त्याच्या कौन्सिलातल्या जॉन लो या अधिकाऱ्याने विरोध नोंदवला होता, आणि इथला रेसिडेंट मॅन्सेल यालाही घराणे राखावे असे वाटत होते. पण पगारदार माणसाचे मत मालकाच्या नफ्यापुढे किती टिकणार?

नफा कोणता, तेही डलहौसीने आपल्या टिपणात लपवले नाही. वऱ्हाड आणि नागपूरकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा आहे, हा मुद्दा त्यात आहे. वऱ्हाड तर आदल्याच वर्षी, १८५३ साली, निजामाकडून फौजेच्या कर्जापोटी लिहून घेतलेले होते. विधवा राण्यांचे दत्तविधान आणि मँचेस्टरच्या गिरण्या यांचा एकमेकींशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. कागदावर तो संबंध मांडलेला आहे.

पुढे जे झाले ते वाचताना माझे तर डोळे भरून आले. राजवाड्यातल्या चीजवस्तूंवर मोहोर बसली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीजवळ लिलावात मातीमोल भावाने विकले गेले. जडजवाहीर बाजारात विकण्यासाठी कलकत्त्याला रवाना झाले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा ऐंशीच्या घरातल्या बाकाबाई, ज्यांनी जन्मभर शहाणपणाने आणि सबुरीने वागून घर राखले होते, त्यांनी निरोप धाडला की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. हे कोणा आपल्या माणसाने रचलेले नाही. जॉन के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, आणि तो कंपनीच्याच नोकरीत होता. सामान गेलेच. विक्रीचा पैसा भोसले घराण्याच्या निर्वाहासाठी निराळा निधी म्हणून ठेवू, असे सांगण्यात आले. म्हणजे माझीच पाटली विकून मलाच महिन्याचा खर्च द्यायचा आणि वर उपकार सांगायचे!

बाकाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी वकील धाडले, कलकत्त्याला आणि तिथे दाद लागेना तेव्हा लंडनलाही. आता हे कोणापुढे उभे राहिले, ते समजून घेण्यासारखे आहे. लंडनात लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती. तिथे संचालक बसत. संचालकांना निवडणारे भागधारक. हजार पौंडांचे भाग असले की एक मत. त्या भागधारकांत इंग्लंडातल्या कितीतरी विधवा आणि बिनलग्नाच्या बायकाही होत्या, आणि भाग पुरेसे असले तर त्यांनाही मत होते. त्या काळी इंग्लंडच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत बाईला मत नव्हते, पण कंपनीच्या कारभारात होते. लंडनच्या एखाद्या विधवेने हात वर केला तर हिंदुस्थानच्या कारभाराला धक्का लागू शकत होता, आणि नागपूरच्या राजघराण्यातल्या विधवेला आपल्या वाड्यातल्या खुर्चीविषयीही बोलता येत नव्हते. ती लंडनची बाई वाईट असेल असे मला मुळीच वाटत नाही. तिने नागपूरचे नावही ऐकले नसेल. वर्षाला ठरलेला नफा हाती आला की तिची चूल पेटत असेल.

आणि तो नफा कोठून येत होता, हे ऐकून तर थक्क व्हाल. १८१३ साली चहा आणि चीनचा व्यापार सोडून हिंदुस्थानच्या व्यापारातला कंपनीचा मक्ता संपला. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापारच बंद झाला. दुकान बंद, पण भागधारकांना शेकडा साडेदहा प्रमाणे नफा चालूच ठेवायचा असे ठरले. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर दर साल सहा लाख तीस हजार पौंड. ते हिंदुस्थानच्या वसुलीतून द्यायचे. १८५४ नंतर त्या वसुलीत आपल्या नागपूरचा शेतकरीही आला. १८५७ च्या उठावानंतर राज्य राणीच्या सरकारकडे गेले आणि तेही देणे मागे लागले ते लागलेच. कंपनी कायमची मोडली १८७४ साली.

दरबार बुडाला म्हणजे राजाराणीच बुडाले असे नाही. दरबारी शेला, पागोटे, रेशीमकाठी धोतरे विणणारे कोष्टी होते. नागपूर, उमरेड, पवनी ही त्या कापडाची नावाजलेली ठिकाणे. जाडेभरडे कापड विणणारे पुष्कळ महार कुटुंबांत होते. आणि या सगळ्यांना सूत पुरवणाऱ्या बायका घरोघरी होत्या. सूतकताई हा बाईच्या हाताचा पैसा. नवऱ्याकडे मागावा न लागणारा. हा पैसा आटला, पण त्यासाठी कोठे तोफ डागली गेली नाही. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला लढाईइतकी जागा मिळत नाही. राज्य राणीचे झाल्यावर इकडे कापसासाठी खास अधिकारी नेमला गेला, त्याचे नाव रिव्हेट-कार्नॅक. त्याने १८६९ सालच्या अहवालात वऱ्हाडच्या एका भागाविषयी लिहिले की तिकडे रेल्वेचा फाटा नेला तर विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागे पडेल, कापूस जास्त मिळेल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. मोकळी! चरखा सोडून दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणे याला मोकळे होणे म्हणतात, हे मला त्या अहवालावरून कळले.

रेल्वेही कंपनीचीच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोचली. तिच्या इंग्लंडातल्या भागधारकांना शेकडा पाच व्याजाची हमी होती. गाडीला तोटा झाला तर सरकार तिजोरीतून भरून देई, म्हणजे आपल्या साऱ्यातून. रेल्वे वाईट असे कोणी म्हणणार नाही. तिच्यामुळे काशीयात्रा सोपी झाली, माहेर जवळ आले. पण नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, हा व्यवहार मात्र लक्षात ठेवण्यासारखा.

इथे कोणी म्हणेल की कंपनी म्हटली की वाईटच का? तसे नाही. आपली एम्प्रेस मिलसुद्धा कंपनीच होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली आणि २००२ साली ती बंद पडली. सव्वाशे वर्षे तिच्या भोंग्यावर अर्ध्या नागपूरची चूल पेटली. तिथेही संप झाले, तंटे झाले. पण बेझनजी मेहता नावाचे मॅनेजर याच गावात राहत होते आणि तंटा कोणाशी घालायचा ते कामगाराला माहीत होते. गेट होते. गेटासमोर बसता येत होते.

आता आजच्या बियाण्याची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मुलुखाच्या कापसाचीच पुढली गोष्ट आहे. माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले. माझी आजी चांगल्या बोंडांची सरकी निवडून मडक्यात बांधून ठेवी आणि पेरणीच्या आधी शेणामातीत घोळून देई. बियाणे राखणे हे बाईचे काम. पुढे संकरित बियाणे आले, ते दर साल विकत घ्यावे लागे. २००२ साली सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. त्यातला बोंडअळीला मारणारा गुण अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचा, आणि इथे तिच्या भागीदारीत जालन्याची महिको. साडेचारशे ग्रॅमची एक पिशवी सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या आसपास पडे, आणि त्यात मोठा हिस्सा त्या गुणाच्या हक्काचा. घरच्या मडक्यातली सरकी पेरून पुन्हा तेच पीक येत नाही, म्हणून दर जूनला दुकानाच्या दारात उभे राहायचे. सुरुवातीला अळी कमी झाली, फवारणी वाचली, हे शेतकरी बायाही सांगतात. पण अळीही हुशार. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे खापर एका पिशवीवर फोडणे मला बरोबर वाटत नाही. कोरडवाहू जमीन, सावकार, पडलेला भाव, आजारपण, अशी पुष्कळ ओझी एका खांद्यावर असतात. पिशवी हे त्यातले एक.

या गोष्टीत बाकाबाईंच्या गोष्टीहून एक फरक आहे. २००६ साली आंध्र प्रदेशचे सरकार या भावाविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेले. आयोगाने कंपनीला रक्कम कमी करायला सांगितले आणि पिशवी साडेसातशेच्या आसपास आली. आपल्याकडे २००९ साली कापूस बियाण्याचा भाव ठरवण्याचा कायदा झाला. २०१६ पासून केंद्र सरकार भाव ठरवू लागले. त्या वर्षी पिशवी ८०० रुपये, आणि गुणाच्या हक्काचे १६३ रुपये होते ते ४९ वर आणले. २०२० साली ते शून्य झाले. दरम्यान २०१८ साली मोन्सँटोच जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतली. शेतकऱ्याला पिशवीवरचे नाव वाचता येते, पण त्यामागचा मालक कधी बदलला ते त्याला कोण सांगणार?

पाण्याचे सांगून संपवते. नागपूर महानगरपालिकेने २००७ साली धरमपेठ भागात चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू केला, आणि २०१२ च्या मार्चपासून सगळ्या शहराचा पाणीपुरवठा चालवण्याचे काम पंचवीस वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे दिले. तिच्यात एक भागीदार नागपूरचा विश्वराज, दुसरा फ्रान्सची व्हिओलिया. मालकी महानगरपालिकेची, चालवणे कंपनीचे. यावर शहरात बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले, मोर्चेही निघाले. मी त्या वादात इथे पडत नाही. फक्त वाचताना एक तारीख सापडली ती सांगते. व्हिओलियाची मूळ कंपनी फ्रान्सच्या बादशहाच्या हुकुमाने स्थापन झाली ती १४ डिसेंबर १८५३ रोजी, लिऑन शहराला पाणी देण्यासाठी. आपले रघूजीराजे वारले त्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. महालात सुतक चालू असताना तिकडे कोणी कागदावर सही केली, आणि दीडशे वर्षांनी तो कागद आपल्या नळापर्यंत आला.

त्याच फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये, पाण्याचे काम पंचवीस वर्षे दोन खाजगी कंपन्यांकडे होते, त्यांतली एक हीच. करार संपल्यावर तिथल्या महापालिकेने १ जानेवारी २०१० पासून पाणी पुन्हा स्वतःच्या हाती घेतले. आपला करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे २०३७ पर्यंतचा. तेव्हा मंडळातल्या आजच्या शाळकरी मुली मोठ्या झालेल्या असतील आणि मत देत असतील. करारासारखे सरकारी कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात, अर्जाची फी दहा रुपये. बाकाबाईंच्या वकिलांना ही सोय नव्हती.

जाता जाता एक विनंती. महालातल्या भोसल्यांच्या काळ्या दगडी वाड्याला १८६४ साली आग लागली, त्यात पुष्कळ काही गेले. पण इतवारी, महाल, उमरेडकडच्या आपल्या घरांतून जुन्या सनदा, हिशेबाच्या वह्या, एखादा आजीचा चरखा किंवा कोष्टीवाड्यातले जुने पागोटे अजून असेल. ज्या भगिनींकडे असे काही असेल त्यांनी हळदीकुंकवाला येताना सोबत आणावे. कागद मोडीत असले तरी हरकत नाही, वाचणारे आजोबा आपल्या मोहल्ल्यात आहेत.